काटोलहून पट्टी टाकली की कळमन्याची फाईल मोडते: अ‍ॅक्सेसचा डेटाबेस दूरच्या माणसांना वापरायला देताना

"सर, फाईल पुन्हा रिपेअर मागून राहिली." आंबिया बहाराचा माल जोरात असताना हा फोन मला आठवड्यातून दोन-तीनदा येत होता. वेळ ठरलेली. सकाळी नागपूरच्या कळमना मार्केटमध्ये संत्र्याच्या गाड्या लागायच्या, अडतीच्या दुकानात कॉम्प्युटर सुरू व्हायचा आणि पडद्यावर 'डेटाबेस इनकन्सिस्टंट स्टेटमध्ये आहे' अशा अर्थाची इंग्रजी चौकट उभी राहायची. बाहेर बागायतदार पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदासाठी, थांबलेले, आत फाईल उघडत नाही.

ही हिशोबाची फाईल मीच २०११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या टेबलांत नोंदी ठेवायच्या प्रोग्राममध्ये बांधून दिली होती. बागायतदारांची खाती, उचल, कॅरेटची ने-आण, हमाली, तोलाई आणि शेवटी छापून निघणारी पट्टी, एवढंच तिचं काम. दुकानातले तीन कॉम्प्युटर तारेने जोडलेले होते आणि फाईल त्यातल्या एकावर शेअर केलेली होती. इतकी वर्षं तिने कधी त्रास दिला नाही. मग दुकानाच्या मालकांनी, म्हणजे काकांनी, काटोलला माल भरायचं शेड घेतलं. तिथला मुलगा तिथूनच कॅरेटची नोंद करू लागला. हिशोब बघणाऱ्या ताई मनीषनगरातून घरूनच काम करू लागल्या. दोघांनाही व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दुकानाच्या नेटवर्कमध्ये येणारी खाजगी वाट, जोडून दिलं आणि दुकानातलं फोल्डर त्यांच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राईव्ह म्हणून लावून दिलं. हा सगळा त्रास त्या दिवसापासून सुरू झाला.

हाच घोळ मी नंतर गांधीबागेतल्या कापडाच्या एका पेढीत पाहिला आणि हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याच्या स्टोअरमध्येही. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

लक्षणं कशी दिसतात

काटोलहून फॉर्म उघडायला एक-दीड मिनिट लागतं. मधेच 'युवर नेटवर्क अ‍ॅक्सेस वॉज इंटरप्टेड' असा निरोप येतो, आणि तो आला की फाईल बंद करून पुन्हा उघडण्याशिवाय गत्यंतर नसतं. काटोलचा मुलगा म्हणायचा, "भाऊ, पट्टी सेव्ह केली होती, आता दिसूनच नाही राहिली." दुसऱ्या दिवशी दुकानात फाईल रिपेअर मागते. कधी 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट' म्हणते, आणि ते जास्त वाईट. रिपेअर झाल्यावर एखाद्या नोंदीत 'डिलिटेड' असं हॅश लावून लिहिलेलं दिसतं, नाहीतर शेऱ्याच्या रकान्यात चिनी लिपीसारखी अक्षरं दिसतात.

रिपेअर करून काम चालू होतं, आणि लोक तिथेच थांबतात. रिपेअर म्हणजे फुटलेल्या नळाखाली बादली लावणं. त्यातून नुकसानही होतं, पण ते लगेच कळत नाही. दोन नोंदींचा क्रमांक एकच झाला असेल, तर रिपेअर करताना अ‍ॅक्सेस त्या टेबलची प्रायमरी की, म्हणजे एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारी खूण, काढून टाकतं आणि त्या टेबलचे इतर टेबलांशी असलेले संबंधही जातात. आमच्याकडे उचलीच्या टेबलची की अशीच गेली होती. एका बागायतदाराची उचल पट्टीतून दोनदा वजा झाली आणि तो माणूस दुकानात येऊन बोलला तेव्हा मला कळलं. त्याच्या कष्टाच्या पैशाचा प्रश्न होता, म्हणून सांगतो: रिपेअरनंतर 'एमसिस-कॉम्पॅक्ट-एरर' नावाचं टेबल तयार झालंय का ते बघा, आणि प्रत्येक मुख्य टेबल डिझाईनमध्ये उघडून किल्लीचं चिन्ह जागेवर आहे का ते तपासा. आणि रिपेअर करण्यापूर्वी मोडलेल्या फाईलची कॉपी काढून ठेवा. रिपेअर फसलं तर परत यायला तीच एक जागा असते. मग नवी कोरी फाईल घेऊन त्यात एकेक टेबल इम्पोर्ट करायचं. जे टेबल अडेल ते क्रमांकाच्या अटीने अर्धं-अर्धं करत आणायचं, म्हणजे खराब नोंद नेमकी सापडते.

मूळ कारण

अ‍ॅक्सेसमध्ये सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या वतीने डेटाबेसचं काम करणारा मधला प्रोग्राम, नसतो. ही एक गोष्ट नीट समजली की बाकीचं आपोआप उलगडतं. फाईल दुकानातल्या कॉम्प्युटरवर असली तरी तिथे डेटाबेसचं कोणतंही काम चालत नाही. काम चालतं वापरणाऱ्याच्या कॉम्प्युटरवर. काटोलच्या मुलाने एक खातं शोधलं, तर त्याच्या कॉम्प्युटरवरचं इंजिन फाईलीतून ४ केबीची पानं एकामागून एक नेटवर्कवरून ओढतं, आधी इंडेक्सची, म्हणजे नोंद कुठे आहे ते सांगणाऱ्या सूचीची, मग नोंदींची. लिहितानाही तेच. दुकानातला कॉम्प्युटर फक्त फाईल धरून बसलेला असतो.

तारेच्या नेटवर्कवर एक फेरी एका मिलिसेकंदाच्या आत होते, म्हणून काही जाणवत नाही. ब्रॉडबँडवर तीच फेरी ३० मिलिसेकंद धरा. एक भरलेला फॉर्म उघडताना २००० फेऱ्या झाल्या तर ६० सेकंद गेले. काटोलला १०० एमबीपीएसचं कनेक्शन घेऊन काही फरक पडला नाही, तो यामुळेच. वेळ जातो तो फेऱ्यांमध्ये, पाईप कितीही मोठा केला तरी.

मोडतोडीचं कारणही यातच आहे. कोण लिहितोय याच्या खुणा फाईलीच्या पहिल्याच पानावर असतात. काटोलच्या कॉम्प्युटरने खूण केली, नोंदीचं पान लिहिलं, आणि इंडेक्सचं पान लिहायच्या आधी लाईट गेली किंवा राऊटर अडखळला, की खूण तशीच राहते आणि फाईल अर्धवट. पुसणारं कोणी नसतं. पुढे जो फाईल उघडतो, त्याला ती बिघडलेली दिसते. म्हणून काटोलची संध्याकाळची चूक कळमन्यात सकाळी दिसायची, आणि आम्ही दुकानातल्या कॉम्प्युटरला दोष देत बसायचो.

हेच वायफायलाही लागू आहे. दुकानातल्या दुकानात लॅपटॉप वायफायवर असेल तर त्याला आधी तार लावा.

तुमचा त्रास हाच आहे का, हे कसं ओळखायचं

दूरच्या माणसांना चार-पाच दिवस काम बंद ठेवायला सांगणं हा सगळ्यात खात्रीचा उपाय, पण हंगामात ते कोणी ऐकत नाही. मग असं करा. फाईल उघडी असताना तिच्याच फोल्डरमध्ये तिच्याच नावाची, एलएसीसीडीबी अशा शेपटीची एक छोटी फाईल दिसते. ती लॉक फाईल. नोटपॅडमध्ये उघडली की फाईल वापरणाऱ्या कॉम्प्युटरांची नावं वाचता येतात. मात्र माणूस बाहेर पडला तरी त्याचं नाव त्यात राहू शकतं, तेव्हा त्या यादीवरून आत्ता आत कोण आहे हे ठरवू नका. ते बघायचं तर फाईल असलेल्या कॉम्प्युटरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, त्यात ओपन फाईल्स. तिथे जे दिसतं ते खरं.

सगळ्यांनी बंद केल्यावरही लॉक फाईल गेली नाही, तर कोणाचं तरी कनेक्शन मधेच तुटलं आहे. आम्ही पंधरा दिवस रोज रात्री ही फाईल बघितली. जेव्हा जेव्हा ती राहिली, तेव्हा ओपन फाईल्समध्ये काटोलचं किंवा ताईंच्या लॅपटॉपचं नाव होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरचं एकदाही नव्हतं.

दोन गोष्टी मात्र आधी बाजूला काढा. फोल्डरवर सगळ्यांना फाईल तयार करायची आणि पुसायची परवानगी हवी, फक्त वाचायची नाही. नाहीतर लॉक फाईलच बनत नाही. आणि २०१८ च्या सुमारास विंडोज १० च्या एका अपडेटनंतर तारेच्या नेटवर्कवरही हाच 'इनकन्सिस्टंट स्टेट'चा निरोप येऊ लागला होता. त्यावर मायक्रोसॉफ्टनेच उपाय सांगितला होता: फाईल असलेल्या कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत लॅनमनसर्व्हरच्या पॅरामीटर्समध्ये 'डिसेबललीजिंग' ची किंमत १ करायची. दूर कोणीच नसताना फाईल मोडत असेल तर आधी हे बघा.

ज्यात वेळ घालवू नये

फाईल दोन तुकड्यांत विभागणं, म्हणजे टेबलं एका फाईलीत आणि फॉर्म, रिपोर्ट दुसरीत, हे करायलाच हवं. फॉर्मची फाईल प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर स्वतंत्र ठेवायची. आमच्याकडे ते आधीपासून होतं. पण पानं तरीही इंटरनेटवरून ओढली जातात, म्हणून दूरच्या माणसाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

वनड्राईव्ह, गूगल ड्राईव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये टेबलांची फाईल टाकू नका. काकांच्या पुतण्याने चांगल्या हेतूनेच एकदा ते करून पाहिलं. ही ड्राईव्ह पूर्ण फाईलची कॉपी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर ठेवतात आणि नंतर वरची-खालची जुळवतात. दोघांनी एकाच वेळी लिहिलं की दोन फाईली होतात, दोन्ही बरोबर आणि दोन्ही अपुऱ्या. त्या दिवशीच्या ४१ पट्ट्या आम्ही कागदावरून पुन्हा टाकल्या.

मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉईंटच्या ऑनलाईन लिस्टमध्ये टेबलं नेणं छोट्या यादीला चालतं, पण ५००० नोंदींच्या वर गेलं की तिथल्या मर्यादा आडव्या येतात. हिशोबाच्या कामाला मी तो रस्ता सुचवत नाही.

हंगाम चालू असताना केलेला उपाय

फाईल इंटरनेटवरून नेऊ नका. माणसाला फाईलीजवळ आणा. रिमोट डेस्कटॉपमध्ये नेमकं हेच होतं. अ‍ॅक्सेस दुकानातल्या कॉम्प्युटरवर चालतं, पानांची ये-जा दुकानातल्या तारेवरच होते, आणि काटोलला जातं ते फक्त पडद्याचं चित्र. लाईन तुटली तरी दुकानातलं अ‍ॅक्सेस चालूच राहतं. मुलगा पाच मिनिटांनी परत जोडतो तेव्हा पट्टी अर्धी भरलेली तशीच समोर असते.

साध्या विंडोज प्रोमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. दूरचा माणूस आत आला की समोरच्याचा पडदा कुलूपबंद होतो. होम आवृत्तीत तर बाहेरून आत येताच येत नाही. एकाच विंडोजवर अनेकांना बसवणारी जुगाडं मिळतात, पण ती परवान्यात बसत नाहीत आणि अपडेट आलं की बंद पडतात. विंडोज सर्व्हर घेतला तर प्रत्येक माणसामागे रिमोट डेस्कटॉपचं वेगळं लायसन्स लागतं, १२० दिवसांची मुदत संपली की ते मागितलं जातं. दूरची माणसं फक्त दोन, म्हणून आम्ही सीताबर्डीतून दोन वापरलेले छोटे कॉम्प्युटर आणले, दोन्हींवर विंडोज प्रो, आणि माळ्यावर ठेवून दिले. एक काटोलचा, एक ताईंचा. त्यावर पूर्ण अ‍ॅक्सेस विकत घ्यायची गरज नाही. अ‍ॅक्सेस रनटाईम फुकट मिळतं आणि तयार फॉर्म चालवायला ते पुरतं.

कॉम्प्युटर सुरू होताना उघडणाऱ्या बायोस सेटिंगमध्ये 'लाईट परत आली की आपोआप सुरू हो' हा पर्याय लावा, नाहीतर दर वेळी कोणालातरी माळ्यावर चढावं लागतं. झोपायची म्हणजे स्लीपची सेटिंगही बंद करा. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर कॉम्प्युटर टिकत नाही, म्हणून एप्रिल लागताच आम्ही दोन्ही खाली कूलरच्या खोलीत आणले. मात्र कूलरच्या झोतात ठेवले नाहीत, त्या ओलसर हवेने बोर्ड गंजतो.

छपाईत आमचे दोन दिवस गेले. काटोलचा प्रिंटर रिमोट डेस्कटॉपमधून दुकानातल्या कॉम्प्युटरला दिसतो, पण त्याच्या नावापुढे 'रिडायरेक्टेड' आणि एक आकडा लागतो, आणि तो आकडा दर वेळी बदलतो. पट्टीच्या रिपोर्टमध्ये मी प्रिंटरचं नाव पक्कं लिहून ठेवलं होतं, त्यामुळे सोमवारी छापलं आणि मंगळवारी नाही. रिपोर्ट डिफॉल्ट प्रिंटरवर जाईल असं केल्यावर ते थांबलं.

राऊटरवर ३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा पोर्ट उघडून बाहेरून थेट आत येऊ देऊ नका. उघडा पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात आणि पासवर्ड एकामागून एक लावून बघत असतात. वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन आधी, रिमोट डेस्कटॉप त्याच्या आत. अनेक घरगुती कनेक्शनांना आज स्वतःचा बाहेरचा पत्ताच मिळत नाही, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही होत नाही. अशा ठिकाणी टेलस्केलने काम सोपं होतं.

नोव्हेंबरच्या शेवटापासून रिपेअरचा फोन आला नाही.

हंगाम संपल्यावर केलेला उपाय

काकांना वरूडलाही शेड घ्यायचं होतं. प्रत्येक नव्या माणसामागे एक कॉम्प्युटर ठेवणं परवडत नाही. म्हणून उन्हाळ्यात, मार्केट थंड असताना, टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये नेली. हा खरा सर्व्हर आहे. काटोलहून 'या खात्याची उचल दे' एवढाच प्रश्न जातो आणि तेवढंच उत्तर येतं. व्यवहार पूर्ण झाला नाही तर सर्व्हर स्वतःच तो उलटवतो, अर्धवट पान राहत नाही. आवृत्ती फुकट आहे. २०२२ पर्यंतच्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, अ‍ॅक्सेसची मर्यादा मात्र २ जीबी. फॉर्म आणि रिपोर्ट अ‍ॅक्सेसमध्येच राहतात, फक्त टेबलं ओडीबीसी नावाच्या दुव्याने जोडली जातात. टेबलं हलवायला मायक्रोसॉफ्टचा मायग्रेशन असिस्टंट आहे, तोही फुकट.

हलवणं एका दुपारचं काम. नंतरची दुरुस्ती तीन आठवड्यांची. ज्या ठिकाणी अडलो ती सांगतो.

एक्सप्रेस बसवल्यावर नेटवर्कवरून तो दिसतच नाही, कारण टीसीपी-आयपी मुळात बंद असतं. कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये ते चालू करून १४३३ पोर्ट पक्का करा आणि सेवा पुन्हा सुरू करा. हा पोर्टही व्हीपीएनच्या आतच ठेवा. ओडीबीसीचा १८ क्रमांकाचा ड्रायव्हर घेतला तर तो सर्टिफिकेटवर विश्वास नाही म्हणून जोडायला नकार देतो. तो आपोआप एन्क्रिप्शन मागतो आणि तुमच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट घरचंच असतं. जोडणीत 'ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट' लिहिलं की चालतं. ड्रायव्हर आणि अ‍ॅक्सेस दोन्ही ३२ बिटचे किंवा दोन्ही ६४ बिटचे हवेत.

पट्टीचा क्रमांक मी नोंद सेव्ह व्हायच्या आधीच वाचून छापत होतो. अ‍ॅक्सेसमध्ये पहिलं अक्षर टाकलं की ऑटोनंबर मिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तो नोंद सेव्ह झाल्यावरच मिळतो. पहिल्या दिवशीच्या पट्ट्या क्रमांकाशिवाय निघाल्या. कोडमध्ये आधी सेव्ह, मग क्रमांक, मग छपाई असा क्रम लावला.

'दुसऱ्या युजरने ही नोंद बदलली आहे' असा निरोप एकटाच माणूस बसलेला असतानाही यायचा. कारण हो-नाही प्रकारच्या रकान्यात रिकाम्या किमती होत्या. अ‍ॅक्सेसला तिथे रिकामं चालत नाही, एसक्यूएल सर्व्हरला चालतं, म्हणून दोघांचं मत जुळत नाही. सगळ्या रिकाम्या जागी शून्य भरलं, डिफॉल्ट शून्य केलं आणि टेबलाला रोव्हर्जन प्रकारचा, म्हणजे नोंद बदलली की आपोआप बदलणारा, एक रकाना जोडला.

आणि मराठी. असिस्टंटने हलवलेली टेबलं ठीक होती, पण मी हाताने केलेल्या एका टेबलात गावाचा रकाना व्हारचार प्रकारचा, म्हणजे मराठी अक्षरं न सांभाळणारा, ठेवला होता. त्यात 'नरखेड' टाकलं की पाच प्रश्नचिन्हं साठायची. रकाना एनव्हारचार केला, तरी शोधताना काही सापडेना. थेट सर्व्हरला पाठवलेल्या क्वेरीत मराठी शब्दाच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी कॅपिटल एन लावावं लागतं. ते नसेल तर सर्व्हर वाटेतच त्या शब्दाची प्रश्नचिन्हं करतो. जुनी साठलेली प्रश्नचिन्हं परत अक्षरं होत नाहीत, ती गावं वहीतून पुन्हा टाकावी लागली.

फॉर्म तरीही हळू वाटत असतील तर त्यामागे बहुतेक सगळं टेबल उघडणारा फॉर्म असतो, किंवा हजारो नावांनी भरलेली कॉम्बो बॉक्सची यादी. आमच्या पट्टीच्या फॉर्मवर सगळ्या बागायतदारांची यादी होती. आता नावाची पहिली तीन अक्षरं टाकल्यावरच ती भरते, आणि फॉर्म एका खात्यापुरताच उघडतो. काटोलला तो दीड मिनिटावरून दोन सेकंदांवर आला.

एक्सप्रेसमध्ये एजंट नसतो, म्हणजे बॅकअप स्वतःहून होत नाही. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमधून रात्री साडेनऊला बॅकअपची आज्ञा चालवतो, आणि फाईल ताईंच्या घरच्या डिस्कवर जाते. महिन्यातून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून त्या दिवशीच्या शेवटच्या पट्टीचा क्रमांक जुळवतो.

नव्या हंगामाच्या आधी आम्ही मुद्दाम एक चाचणी घेतली. काटोलचा मुलगा उचल भरत असताना मी फोनवर त्याला राऊटरची पिन ओढायला सांगितली. त्याच्याकडे 'ओडीबीसी कॉल फेल्ड' आलं, त्याला अ‍ॅक्सेस बंद करून पुन्हा उघडावं लागलं, आणि ती एक अर्धी नोंद गेली. त्याच मिनिटाला काका कळमन्यात पट्टी छापत होते. त्यांच्या पडद्यावर काहीच झालं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाईलने रिपेअर मागितलं नाही.